शटरचा आकडा आणि लेन्सचा आवाका

संपादकांना जुन्या लेन्सवर लेख हवा होता, म्हणजे काचांवर. फोर्टातल्या एका कॅमेरा-दुरुस्तीच्या टेबलापाशी बसलो आणि काचा बाजूलाच राहिल्या. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी पुढचा-मागचा भिंगसंच उलगडून ठेवला होता; मध्ये उरलं होतं ते काँपूर शटर.

त्याचा इतिहास थोडक्यात असा. म्युनिकमधल्या फ्रीड्रिख डेकेल यांच्या कारखान्याच्या ‘काँपाउंड’ शटरमध्ये संथ वेग साधायला हवेचा छोटा सिलिंडर असे. १९१२च्या काँपूरने हवा काढून घड्याळजी वापरतात तशी दातेरी चाकांची साखळी आणली. काकांनी वेग एक सेकंदावर लावून खटका दाबला. पात्या उघडल्या, आत बारीक घरघर झाली, पात्या मिटल्या. ‘ही घरघर अडखळली की समजायचं, तेल आटलंय,’ काका म्हणाले.

पात्या भिंगांच्या मधोमध असतात, यात खरी हुशारी आहे. तिथे छिद्र अर्धवट उघडं असलं तरी चित्राचा तुकडा पडत नाही. अख्खं चित्र फक्त अंधुक होतं. शिवाय कुठल्याही वेगाला फ्लॅश जमतो. १९५७च्या हॅसलब्लाड ५००सी कॅमेऱ्याने प्रत्येक लेन्सच्या पोटात वेगळं शटर घातलं, त्यातला मोठा फायदा हाच.

मात्र पात्यांनाही वजन असतं. छिद्र मोठं तर पाती मोठी, आणि मोठी पाती पळवून थांबवायला वेळ लागतो. पुढच्या काळातल्या कोपाल शटरांत हे आकड्यांतच दिसतं: ० नंबरला १/५०० सेकंद, १ नंबरला १/४००, ३ नंबरला जेमतेम १/१२५. काँपूर-रॅपिडने सर्वांत वरच्या वेगासाठी जादा स्प्रिंग जोडली. तो वेग शटर ताणण्याआधीच निवडावा लागतो. ताणल्यावर कडं तिकडे रेटणारे महाभाग काकांचं पोट भरतात. हॅसलब्लाडलाही ही मर्यादा चुकली नाही. त्यांची ११० मिमी एफ/२ प्लानार शटरविना आली, पडदा शटर असलेल्या बॉडींसाठी. एफ/२ला तिचं प्रवेशछिद्र ५५ मिमी भरतं. एवढ्या तोंडाचं पात्यांचं शटर त्या नळीत बसवणार कुठे?

इथेच बाजारात एक गैरसमज हिंडतो: शटर मोठं म्हणजे लेन्स मोठी फिल्म झाकणार. मला तो अगदी उलटा वाटतो. शटरचा आकडा छिद्राविषयी बोलतो, आवाक्याविषयी गप्प असतो. आवाका ठरतो फोकल लेंग्थ आणि भिंगरचनेच्या कोनावर. पाउल रुडोल्फ यांची १९०२ची टेसार लेन्स साधारण ५६ अंशांत नीट काम करते असं धरलं, तर ७५ मिमीच्या टेसारचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे फिल्मवर पडणारं चित्राचं वर्तुळ, सुमारे ८० मिमी येतं. सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकट प्रत्यक्षात ५६ मिमीची, तिचा कर्ण ७९. याच चौकटीच्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यातल्या टेसारला ७५ मिमी का, याचं उत्तर या गणितात जवळपास सगळं आहे. उलट श्नायडरची ६५ मिमी एफ/८ सुपर अँगुलॉन अगदी लहान ०० शटरमध्ये बसते आणि चार बाय पाच इंचाची फिल्म जेमतेम का होईना, झाकते.

म्हणून घडीच्या कॅमेऱ्यातली १०५ मिमीची टेसार काढून मोठ्या फिल्मवर लावायची असेल, तर आधी हिशेब करावा. त्या कॅमेऱ्याच्या सहा बाय नऊ चौकटीचा कर्ण १०१ मिमी; वर्तुळ सुमारे ११२. कर्णात सरकवायला उरतं अकराएक मिमी, म्हणजे कडेला पाचसहा. चार बाय पाचचे कोपरे तर काळेच राहणार. नुसतं काढून लावणंही सोपं नाही. अशा कॅमेऱ्यांत पुष्कळदा पुढचं भिंग फिरवून फोकस करतात. ते दुसऱ्या शटरमध्ये बसवताना भिंगांमधलं अंतर किंचित बदललं तरी कडा धूसर होतात. आटे जुळत नाहीत. डायफ्रॅमची पट्टी दुसऱ्या लेन्सची असेल तर एफ/८ लिहिलेलं असतं तिथे एफ/८ नसतंच. वर पात्यांना चिकटलेलं जुनं तेल. विकणारा मात्र छातीठोक सांगतो, ‘चार बाय पाच कव्हर करते.’

काका त्याच्याशी वाद घालत नाहीत. कॅमेरा अनंतावर लावून घासलेल्या काचेच्या कापलेल्या कोपऱ्यातून ते लेन्समध्ये डोकावतात. छिद्र पूर्ण दिसलं तर कोपऱ्यापर्यंत प्रकाश पोचतोय. बदामासारखं निमुळतं दिसलं तर कडा कापली जातेय. मग डायफ्रॅम एफ/१६पर्यंत मिटवून पुन्हा बघतात. तरीही तसंच दिसलं तर काचा जुन्या शटरमध्ये परत बसवून देतात आणि फक्त साफसफाईचे पैसे घेतात.