गरम पाण्याच्या विहिरीत वायूची कसोटी

मुलुंड-बोरिवलीकरांना वज्रेश्वरीची वाट नवी नाही. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. पावसाचे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातल्या उष्णतेने तापते आणि वर येते. जिवंत ज्वालामुखीचा इथे संबंध नाही. कोकणातल्या अशा झऱ्यांत पाण्याबरोबर वायूचे बुडबुडेही उठतात. त्यांत नायट्रोजन मुख्य.

अशा पाण्यासाठी विंधन विहीर आखताना खरी कसोटी या वायूचीच.

खोलवर दाबामुळे वायू पाण्यात विरघळलेला राहतो. पाणी वर चढते तसा दाब घटतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू सुटतो. काही ठिकाणी त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. तो निसटला की केसिंग पाइपात चुन्याचा थर साचून वाट अरुंद होते. पंपात वायू शिरला, तर उपसा मंदावतो. म्हणून बुडबुडे सुटू लागतात त्या पातळीच्या खाली पंप बसवतात, बारीक नळीने थररोधक रसायन सोडतात आणि जमिनीवर वायू वेगळा करणारी टाकी ठेवतात. हंगेरीत गरम पाण्यासोबत येणारा मिथेन असा वेगळा काढून इंधन म्हणून वापरतात.

तानसाकाठी विहीर खोदायचीच, तर आधी तापमान, दाब आणि वायूचे प्रमाण मोजायला हवे. कुंडांचे झरे आटणार नाहीत, हेही तपासायला हवे.