जुन्या घरात राहायला जाताना

वसईकडे आगाशी, निर्मळ, नंदाखाल, पापडी या बाजूला आलात, तर इमारतींच्या दाटीतून एखादं कौलारू घर अजूनही दिसतं. पुढे ओटा, मागे विहीर, बाजूला केळी-नारळाची वाडी. यांतली कितीतरी घरं १९५० ते १९६५ च्या दरम्यानची. मुलं शहरात किंवा परदेशी गेली, की ती विकायला निघतात. घेणारा बहुधा पाडण्यासाठीच घेतो. मी दोन वर्षांपूर्वी असं एक घर राहण्यासाठी घेतलं. तेव्हा अशा घरात काय जपावं आणि काय बदलावं, हे आज सांगावं म्हणतो.

आधी ही घरं अशी का, ते पाहू. विरारहून मुंबईला जाणारी लोकल १८६७ साली सुरू झाली आणि विजेची गाडी १९३६ साली. त्यामुळे मुंबईत नोकरी आणि गावात घर, हे जमू लागलं. वाडीचं उत्पन्न होतंच. हातात चार पैसे आले, तशी कुडाच्या जागी विटांची भिंत आली, शेणाच्या जमिनीवर शहाबादी फरशी आली. सिमेंट मात्र सहज मिळत नव्हतं. त्यावरचं सरकारी नियंत्रण १९८२ साली थोडं सैल झालं आणि १९८९ साली पुरतं उठलं. म्हणून गवंड्यानं सिमेंट लागेल तेवढंच वापरलं, आणि बाकी काम चुन्यात केलं. त्या टंचाईचा फायदा आज आपल्याला होतो, तो कसा ते पुढे सांगतो.

आता छपराकडे या. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला काढला, आणि तिथून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचलं. याची खुबी त्याच्या खाचेत आहे. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, पाणी खाली वाहून जातं, पण फटीतून वारा खेळता राहतो. आढं उंच असल्यामुळे तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जाते. मे महिन्यात दुपारी आमच्या माजघरात बसून पाहा, आणि मग शेजारच्या स्लॅबखाली जाऊन बसा. फरक सांगावा लागत नाही.

पण कौलाला दरवर्षी माणसाचा हात लागतो. पावसाआधी फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, पालापाचोळा काढायचा. वर चढणाऱ्यानं पाय रिपेवर द्यावा, कौलाच्या मधोमध नव्हे. हे जाणणारी माणसं आता कमी झाली आहेत, म्हणून लोक कंटाळून पत्रे टाकतात. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजतं आणि पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही! त्यापेक्षा जुनी कौलं मोडीत निघतात तिथून शे-दीडशे आणून परसात रचून ठेवावीत. जाताना आपल्या घरचं एक कौल बरोबर न्या. कारखान्यागणिक खाच थोडी वेगळी असते.

भिंतींविषयी माझं मत जरा कडक आहे. नवं घर घेतलं, की पहिला सल्ला येतो तो सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक रंग देण्याचा. तसं करू नये. जमिनीतला ओलावा भिंतीत थोडा चढतोच. चुन्याच्या गिलाव्यातून तो हळूहळू वाळून जातो. वरून घट्ट थर दिला, की ओल आत कोंडते, क्षार जमतात आणि पापुद्रे सुटू लागतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. समुद्र जवळ असलेल्या गावात हे अधिकच. डागडुजी चुन्यानंच करावी आणि वर चुन्याची सफेदी द्यावी. निदान एक पावसाळा घरात राहून कुठं गळतं, कुठं ओल येते, त्याची वहीत नोंद करावी, आणि मगच गवंड्याला बोलवावं.

जोत्याचा प्रश्न याहून अवघड. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारला पाण्यानं वेढलं, लोकलगाड्या बंद पडल्या, हे पुष्कळांना आठवत असेल. जुन्या माणसांनी जोतं उंच बांधलं होतं. पण रस्त्यावर वरचेवर थर चढतात, शेजारी भराव पडतो, आणि तीन पायऱ्यांचा ओटा एका पायरीचा होऊन बसतो. घर खचलेलं नसतं, भोवतालची जमीन वर आलेली असते. शिक्षकांनी मुलांकडून आपल्या गावातल्या ओट्यांच्या पायऱ्या मोजून घ्याव्यात. भूगोलाचा चांगला धडा होईल.

यावर एकट्या घरमालकाच्या हाती थोडंच आहे, पण आहे ते करावं. अंगणात लाद्या बसवू नयेत. पाणी जाण्याची जुनी वाट मोकळी ठेवावी. वाडीत बावखल असेल, तर ते डासांचं कारण सांगून बुजवू नये. पावसाचं पाणी तिथं साठतं, मुरतं आणि विहिरीला मिळतं. किनाऱ्याजवळ गोडं पाणी फार उपसलं, की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. एकदा विहीर खारी झाली, की वाडी गेलीच म्हणायची.

खिडक्यांना वर-खाली वेगळ्या झडपा असतील, तर सुताराला सांगून त्या दुरुस्त करून घ्या. खालची जोडी बंद आणि वरची उघडी ठेवली, की आडोसाही राहतो आणि वाराही येतो.

एक गोष्ट मात्र पहिल्या पावसाळ्याचीही वाट न पाहता बदलावी, ती म्हणजे वीज. लाकडी पट्टीवरच्या जुन्या तारांचं वेष्टन वाळून तडकलेलं असतं, अर्थिंग बहुधा नसतंच. ओलसर भिंत आणि उघडी तार यांचा मेळ जिवावर बेततो. परवानाधारक माणसाकडून सगळं नवं करून घ्या.

आणि कागदपत्रं? सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर किती वारसांची नावं आहेत ते इसार देण्याआधी वाचा. नाव लागायचं राहिलेल्या वारसांचीही चौकशी करा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्याही हव्यात. आमच्या घराच्या खरेदीखतावर अकरा सह्या आहेत, आणि त्या गोळा करायला कौलं चाळण्यापेक्षा जास्त वेळ लागला.