कामरान बेटावरचा मुक्काम

हजला निघालेल्या माणसाला लस टोचून घ्यावी लागते, तिचा दाखला जपून ठेवावा लागतो. शिबिरात यावरून कुरकुर होते. "अल्लाहच्या घरी जाताना या सुया कशाला?" असा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकतो. उत्तर द्यायचे तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या जहाजी प्रवासाकडे पाहावे लागते.

1865 साली हजच्या दिवसांत मक्केत कॉलऱ्याची साथ आली आणि हजारो हाजी मृत्युमुखी पडले. परतणाऱ्या जहाजांबरोबर रोग सुएझमार्गे इजिप्तला आणि तिथून युरोपला पोहोचला. पुढच्याच वर्षी इस्तंबूल येथे अनेक देशांची आरोग्य परिषद भरली. त्यातून लाल समुद्रातील तपासणीची कल्पना पुढे आली. 1882 मध्ये उस्मानी सरकारने येमेनच्या किनाऱ्याजवळील कामरान बेटावर विलगीकरणाचे ठाणे सुरू केले.

मुंबईहून जिद्द्याकडे जाणारे जहाज तिथे थांबे. हाजींना होड्यांतून उतरवत. कपडे आणि अंथरुणे वाफेच्या यंत्रात घालत, आंघोळ करायला लावत, डॉक्टर तपासत. जहाजावर रोग निघाला की मुक्काम लांबे. वर या सगळ्याची फी हाजींकडूनच घेतली जाई. पै-पै साठवून निघालेल्या गरिबाला हा भुर्दंड जड जाई. उष्मा, गैरसोय आणि स्त्रियांच्या पडद्याची कुचंबणा याबद्दल तक्रारी होत. त्या खोट्या नव्हत्या. युरोपच्या सरकारांना हाजींपेक्षा आपल्या बंदरांची काळजी अधिक होती, हेही खरे.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1897 साली सरकारने हिंदुस्थानातून हजला जाण्यावर बंदी घातली. तयारी करून बसलेल्यांच्या मनाला किती चटका बसला असेल!

पण मूळ तत्त्व आपल्याला परके नाही. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि आपण असलेल्या गावात साथ आली तर तिथून पळू नये, ही शिकवण पैगंबर साहेबांची (सल्ल.) आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे साथ असल्याचे कळले. सल्लामसलत करून ते मागे फिरले. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी हीच हदीस सांगितली, तेव्हा त्यांनी अल्लाहचे आभार मानले.

म्हणून आम्हांला वाटते, कामरानच्या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. नियम करणाऱ्यांनी माणसाची इज्जत राखावी, त्याच्या खिशाचा विचार करावा. आणि आपण नियम मनापासून पाळावेत. आता बेटावर दिवस काढावे लागत नाहीत. एका सुईवर काम भागते. लाखोंच्या गर्दीत आपल्यामुळे दुसऱ्या हाजीला इजा न होणे, हादेखील हजच्या अदबीचाच भाग आहे. घरातले कोणी यंदा जाणार असेल तर लसीचा दाखला आजच पासपोर्टसोबत ठेवा.