आंबोलीचं धुकं, पिवळा बेडूक आणि फोनवरचं फोटो एडिटिंग

घाटात रेंज गेल्यामुळे ज्यांचा एपिसोड अर्ध्यात अडकला, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच लिहिलंय, थोडं सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्याच एका घोळाने करतो. गेल्या पावसात आंबोलीला रात्री कातळावर एक छोटासा बेडूक दिसला. अंगावर पिवळसर पट्टे. टॉर्चच्या उजेडात फोटो काढला, रूमवर येऊन फिल्टर लावला, सॅच्युरेशन वर ढकललं. बेडूक हळदीत बुडवल्यासारखा दिसायला लागला. फोन भरला होता, म्हणून मूळ फोटो डिलीट. ग्रुपवर टाकल्यावर बेडकांचा अभ्यास करणाऱ्या एका काकांचा मेसेज आला, "मूळ फोटो आहे का? या रंगावरून काही सांगता येत नाही." आता काय पाठवणार?

तो कदाचित आंबोली टोड असेल. २००९ साली शास्त्रीय वर्णन झालेली ही जात आंबोली परिसरातली, आणि अतिसंकटग्रस्त यादीतली. अंगावरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून तिचं शास्त्रीय नाव 'टायगेरिना'. म्हणजे ज्या रंगाने ओळख पटायची, तोच मी बिघडवून ठेवला. मलबार पिट वायपरचंही तसंच. एकाच जातीचा साप हिरवा, तपकिरी, पिवळा, केशरी असा वेगवेगळ्या रंगांत दिसतो. तिथे रंग ही शोभा नाही, माहिती आहे.

म्हणून आजच्या सगळ्या टिप्सचं सूत्र एकच: जे डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या जवळ जाणारं एडिटिंग करायचं.

१. मूळ फाईलला हात लावायचा नाही. आम्ही कोड लिहिणारे चालू कोडवर थेट प्रयोग करत नाही, आधी कॉपी काढतो. इथेही तेच. एडिट झालं की 'सेव्ह कॉपी' किंवा 'एक्सपोर्ट' निवडा. जागा कमी असेल तर मूळ फोटो कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर टाका, आणि मगच फोनमधून काढा.

२. आधी व्हाइट बॅलन्स, मग बाकी सगळं. टॉर्चचा उजेड निळसर असतो, दाट झाडीत सगळ्यावर हिरवी झाक येते. स्नॅपसीडमध्ये 'व्हाइट बॅलन्स' उघडा, ड्रॉपर घ्या आणि फोटोतल्या पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर ठेवा. आंबोलीत एक फसगत होते. कातळ राखाडी समजून आपण त्यावर ड्रॉपर ठेवतो, पण जांभा मुळात तांबूस! मग ॲप तो तांबूसपणा घालवायला जातं आणि सगळा फोटो निळा पडतो. त्यापेक्षा त्याच उजेडात एका कोऱ्या कागदाचा फोटो काढून ठेवा. फोनला प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता एकाच आकड्यावर ठेवा. मग कागदाचा फोटो दुरुस्त करायचा, पुढचा फोटो उघडायचा आणि स्टाइल्समधलं 'लास्ट एडिट्स' दाबायचं. तीच दुरुस्ती एका टॅपमध्ये लागते.

३. धुकं पुसू नका. कॅमेरा सरासरी उजेड मध्यम राखाडी धरून चालतो, म्हणून पांढरं धुकं फोटोत मळकं येतं. काढतानाच स्क्रीनवर टॅप करून एक्सपोजर थोडं वर घ्या. राहिलं तर एडिटमध्ये ब्राइटनेस किंचित वाढवा. लाइटरूममधलं 'डीहेझ' पूर्ण ओढलं तर दरी स्वच्छ दिसेल, पण ती आंबोली राहणार नाही. समोरचं एखादंच झाड उठून दिसायला हवं असेल, तर स्नॅपसीडचं 'सिलेक्टिव्ह' वापरा. झाडावर टॅप करा, दोन बोटांच्या चिमटीने वर्तुळ लहान-मोठं करा, बोट वर-खाली नेऊन कॉन्ट्रास्ट निवडा, आडवं नेऊन वाढवा. मागचं धुकं जागच्या जागी राहतं.

४. लेन्सवरचे थेंब. पावसात ते येणारच. काढण्याआधी सुती रुमालाने लेन्स पुसणं हा सगळ्यात मोठा शॉर्टकट. तरी डाग राहिला तर 'हीलिंग' उघडा, आधी भरपूर झूम करा आणि मगच बोट फिरवा. झूम जास्त तेवढं बोटाखालचं क्षेत्र लहान. पण डाग प्राण्याच्या अंगावर आला असेल तर तो तसाच ठेवा. हीलिंग तिथे आजूबाजूच्या भागावरून खोटी कातडी रंगवतं.

५. हात कुठे थांबवायचा? लाइटरूममध्ये फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो, स्लायडरवर दोनदा टॅप केलं की तो शून्यावर येतो. माझा नियम असा: एडिट झाल्यावर पाच मिनिटं फोन बाजूला ठेवायचा आणि परत बघायचं. दहापैकी आठ वेळा सॅच्युरेशन खाली आणावं लागतं.

६. शेअर करण्याआधी लोकेशन काढा. ही सगळ्यात महत्त्वाची टीप. लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्येच अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण क्वालिटी टिकावी म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला तर ती सोबत जाते! दुर्मीळ बेडकाचा नेमका पत्ता पसरला की शनिवारी त्याच कातळावर पन्नास बूट. आयफोनवर शेअर करताना 'ऑप्शन्स'मध्ये लोकेशन बंद करता येतं. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन टॅग बंद ठेवा. नोंद करायचीच असेल तर आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी करा. तिथे संकटग्रस्त जातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते.

काकांना मी अजून मूळ फोटो देऊ शकलेलो नाही. यंदा पाऊस लागला की परत जाणार आहे, फोनमध्ये जागा रिकामी करून आणि खिशात कोरा कागद घेऊन. बेडूक भेटला तर रंग आहे तसाच आणीन.

तुमच्या गॅलरीतला एखादा जास्त 'हळद लागलेला' फोटो आज उघडून बघा. मूळ शिल्लक असेल तर नशीबवान आहात. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!