शेरू ऑन ड्यूटी!

वीकेंड, तानशाची वाट, वॉटर पार्क. आमच्या गँगमधल्या अंध मैत्रिणीसोबत तिचा लॅब्रेडॉर शेरू. गेटवर फर्मान सुटलं, "कुत्रा बाहेर बांधा!" ती शांतपणे म्हणाली, "डोळे बाहेर ठेवून आत जाऊ?" बोलती बंद! २०१६चा दिव्यांग हक्क कायदा भेदभावाला मनाई करतो, हे मोबाइलवर दाखवलं तेव्हा कुठे मॅनेजर नरमला.

आणि हो, हार्नेस चढवला की शेरू ड्यूटीवर. गोंजारणं, बिस्किटं बंद! राइडवर त्याला नो एंट्री, ते मान्यच. आम्ही आळीपाळीनं त्याच्यासोबत सावलीत बसलो. तापलेल्या फरशीनं पंजे भाजतात ना.

पुढचा बेत १८९२पासून मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसा तलावाचा. पण तो अभयारण्यात, बिबट्याच्या इलाख्यात. तिथे मात्र तिनंच शेरूला न्यायला नकार दिला.