कॅचर नुसता चेंडू झेलत नाही

क्रिकेटवर पोसलेल्या नजरेला बेसबॉलमधला कॅचर म्हणजे यष्टिरक्षकच वाटतो. बॅटरच्या मागे उकिडवा बसलेला, हातात जाड मिट, तोंडावर जाळीचा मुखवटा. आलेला चेंडू झेलायचा आणि परत फेकायचा, एवढंच त्याचं काम, असा समज होतो. प्रत्यक्षात बसायची जागा सोडली तर दोघांत साम्य फार थोडं आहे. क्रिकेटमध्ये कोणता चेंडू टाकायचा हे गोलंदाज ठरवतो, फार तर कर्णधाराशी बोलून. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूआधी कोणता चेंडू टाकायचा आणि तो प्लेटच्या कोणत्या कडेला, हे बहुतेक वेळा कॅचर सुचवतो. पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, मान हलवून ते नाकारू शकतो, पण सुरुवात कॅचरकडून होते. पिचरचं पाऊल जिथे टेकतं ती पट्टी होम प्लेटपासून 18.44 मीटरवर असते आणि ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू तिथून साधारण 0.4 सेकंदात पोचतो. तेवढ्या वेळात चेंडू आत वळणार की खाली पडणार हे ओळखून मिट हलवणं कठीण, म्हणून कॅचरला ते आधीच ठाऊक असावं लागतं. एका सामन्यात एका संघाचे पिचर दीडशेच्या आसपास चेंडू टाकतात. म्हणजे दीडशे वेळा बसणं, उठणं आणि दीडशे निर्णय. कॅचरची कारकीर्द घडते किंवा मोडते ती या निर्णयांवर, आणि धावफलकावर त्यांतला एकही दिसत नाही.

दिसत नसलेल्या कामाची किंमत बराच काळ कुणालाच मोजता येत नव्हती. त्यामुळे ‘पिचरला सांभाळून घेतो’ असं कॅचरचं मोघम कौतुक व्हायचं आणि हिशेब मात्र बॅटिंगचा व्हायचा. 2007च्या सुमारास अमेरिकेतल्या मेजर लीगच्या मैदानांवर प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे बसले आणि चित्र बदललं. 2011 साली माइक फास्ट या विश्लेषकाने त्या नोंदींवरून एक हिशेब मांडला : स्ट्राइक-क्षेत्राच्या कडेवरचा चेंडू ज्या पद्धतीने झेलला जातो, तिच्यामुळे पंच त्याला स्ट्राइक (बॅटरविरुद्ध) देतात की बॉल (बॅटरच्या बाजूने), यात किती फरक पडतो? होसे मोलिना नावाचा कॅचर या एका कौशल्यावर 120 सामन्यांमागे सुमारे 35 धावा वाचवतो, असं उत्तर निघालं. दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय. म्हणजे ज्याला सगळे बदली खेळाडू समजत होते, तो संघाला तीनेक विजय मिळवून देत होता. त्याच वर्षी टॅम्पा बे रेज संघाने 36 वर्षांच्या मोलिनाला करारबद्ध केलं. पुढच्या हंगामात त्याची बॅटिंगची सरासरी .223 होती, म्हणजे सुमारच. तरीही त्याला 102 सामने खेळवलं गेलं.

हे कौशल्य जवळून पाहण्यासारखं आहे. गुडघ्याच्या उंचीवर, स्ट्राइक-क्षेत्राच्या खालच्या कडेला चेंडू येतोय असं धरा. नवखा कॅचर मिट वर धरून बसतो आणि चेंडू आला की हात खाली नेतो. चेंडूच्या धक्क्याने मिट आणखी खाली जातो आणि पंचांच्या डोळ्यांना तो चेंडू खालचाच वाटतो. तरबेज कॅचर चेंडू हातात यायच्या आधीच मिट जवळजवळ जमिनीला टेकवतो आणि चेंडूच्या खालून वर येत तो झेलतो. हालचाल कडेकडून मधल्या भागाकडे होते आणि मनगट तिथेच स्थिर राहतं. गेल्या काही वर्षांत बहुतेक कॅचर एक गुडघा जमिनीवर टेकून बसू लागले, तेही याच खालच्या चेंडूंसाठी. ‘ही तर पंचांची फसवणूक’ असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. फूटभर बाहेरचा चेंडू कोणत्याही झेलण्याने स्ट्राइक होत नाही. प्रश्न असतो कडेवरच्या चेंडूंचा, जिथे माणसाच्या डोळ्याला खात्री नसते. शिवाय निम्मं काम खरी स्ट्राइक वाया जाऊ न देण्याचं आहे. पिचरने कष्टाने कड गाठली आणि ढिसाळ झेलण्यामुळे ती बॉल ठरली, तर तो पिचरवरच अन्याय आहे.

कॅचर म्हणजे दणकट हात, हा आणखी एक समज. पिचर चेंडू टाकत असतानाच धावक पुढच्या बेसकडे पळतो, म्हणजे बेस ‘चोरतो’, तेव्हा कॅचरला तिकडे फेक करावी लागते. चेंडू मिटमध्ये आल्यापासून 38.8 मीटर दूरच्या दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत सुमारे दोन सेकंद लागतात. उत्तम कॅचर ते 1.9 सेकंदांत करतो. पण धावक बेस चोरतो तो बऱ्याचदा पिचरच्या संथ हालचालीचा फायदा घेऊन. कॅचरच्या हाताला श्रेय आणि दोष दोन्ही गरजेपेक्षा जास्त मिळतात.

शरीराविषयीचा गैरसमज याहून गंभीर आहे. 25 मे 2011 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीला होम प्लेटवर धावकाने धडक दिली. त्याच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे अस्थिबंध फाटले. 2014 पासून अशा धडकांवर नियमाने निर्बंध आले आणि कॅचरचं काम आता सुरक्षित झालं, असा समज पसरला. पण बॅटला निसटता लागून मुखवट्यावर आदळणारा चेंडू कोणत्याच नियमाने थांबत नाही. मिनेसोटाच्या जो मॉवरची कारकीर्द त्यानेच बदलली. मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत अव्वल ठरलेला तो एकमेव कॅचर, आणि तेही तीनदा : 2006, 2008, 2009. ऑगस्ट 2013मध्ये अशाच एका चेंडूने त्याच्या मेंदूला मार बसला आणि 2014 पासून तो पहिल्या बेसवर गेला. माइक मॅथेनी या कॅचरला तर अशा माऱ्यांमुळेच निवृत्त व्हावं लागलं.

मग कॅचरची कारकीर्द छोटीच असणार, असं कुणी म्हणेल. आकडे तसं म्हणत नाहीत. इव्हान रॉड्रिगेझने कॅचर म्हणून 2,427 सामने खेळले. 2002च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडला गेलेला एरिक क्रॅट्झ तिशीत, 2010 साली पहिला मेजर लीग सामना खेळला आणि चाळिशीपर्यंत टिकला. संघ सहसा ज्याची बॅट मौल्यवान त्याला या जागेवरून हलवतात, कारण तो जखमी होणं परवडत नाही. ज्याची समज मौल्यवान त्याला तिथेच ठेवतात. 2025मध्ये 60 होमरन मारणारा सिएटलचा कॅल रॅली याला अपवाद वाटेल. पण 2024मध्ये त्याला क्षेत्ररक्षणाचा प्लॅटिनम ग्लोव्ह मिळाला होता, आणि 60 होमरनच्या हंगामातही त्याला बरेच सामने नुसतं बॅटिंगला ठेवून विश्रांती दिली गेली.

या समजेचा दुसरा पुरावा डगआउटमध्ये दिसतो. ब्रूस बोची नऊ हंगाम बदली कॅचर होता, सरासरी .239; व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून त्याने चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची विजेतेपदं, जिंकली. जो टोरे, माइक शोशा, जो जिरार्डी हे विजेते व्यवस्थापकही मूळचे कॅचर. बेताच्या बॅटिंगमुळे पुढे दुसरा मार्गच उरत नाही म्हणून कॅचर प्रशिक्षणाकडे वळतात, असं म्हणता येईल. पण बेताची बॅटिंग करणारे इतर जागांवरही ढीगभर असतात. ज्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या पिचरची ताकद आणि समोरच्या बॅटरची कमजोरी दोन्ही डोक्यात ठेवली, त्याला व्यवस्थापकाच्या कामाचा सराव खेळतानाच झालेला असतो.

सगळ्यात ताजा समज असा की यंत्र आलं, आता कॅचर संपला. 2022 पासून बोटांच्या खुणांऐवजी बटणं दाबून इशारे दिले जातात. 2026च्या हंगामासाठी स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देण्याची यंत्रणा मंजूर झाली. कडेवर झेलण्याच्या कलेची किंमत त्याने काही प्रमाणात घटेल, हे मी मान्य करतो. पण बटण दाबलं तरी कोणतं दाबायचं हे कुणाला तरी ठरवावंच लागतं, आणि आव्हानं सुरुवातीला संघाला दोनच मिळतात. ती मागण्याचा हक्क पिचर, बॅटर आणि कॅचर या तिघांनाच आहे. पंचांइतक्याच जवळून चेंडू पाहणारा कॅचर यात पुढे असणार, हे उघड आहे.

होसेचा धाकटा भाऊ याडिएर मोलिना सेंट लुइससाठी 19 हंगाम खेळला. कॅचर म्हणून 2,184 सामने, क्षेत्ररक्षणाचे नऊ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार, दोन वर्ल्ड सिरीज, आणि बॅटिंगची सरासरी .277. बॅटिंगच्या आकड्यांवर तोलणाऱ्यांना त्याच्या हॉल ऑफ फेमच्या पात्रतेबद्दल शंका आहे. 2028च्या मतदानात त्याचं नाव पहिल्यांदा येईल, आणि निवडीसाठी 75 टक्के मतं लागतील. माझ्या मते तो पहिल्याच वर्षी निवडला गेला पाहिजे.