एका दिवसाची यात्रा आणि सारथ्याचा हिशेब

परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागातील जिंतूर तालुका हा जैन यात्रिकांच्या ओळखीचा प्रदेश आहे. जिंतूरजवळच्या डोंगरात नेमगिरी हे अतिशय क्षेत्र असून तेथील गुहामंदिरांत भगवान नेमिनाथांची भव्य प्रतिमा आहे. लहानशा दगडाच्या आधारावर स्थिर असलेली, म्हणून ‘अंतरिक्ष’ म्हटली जाणारी पार्श्वनाथांची प्रतिमाही तेथेच आहे. या गुहांची दारे इतकी ठेंगणी की कितीही मोठ्या पेढीचा धनी असो, त्याला वाकूनच आत जावे लागते. जिंतूरचे जुने नाव जैनपूर होते, असे परंपरेने सांगितले जाते.

जिंतूरहून मंठ्याच्या दिशेने निघाले की चारठाणा लागते. यादवकालीन मंदिरांचे अवशेष, गोकुळेश्वराचे देवालय, त्याची पायऱ्यांची देखणी बारव आणि उंच कोरीव दगडी स्तंभ यांसाठी हे गाव जाणकारांना परिचित आहे. या स्तंभाला कोणी मानस्तंभ म्हणतो, कोणी दीपमाळ. गावात एकेकाळी तीनशे साठ मंदिरे आणि तितक्याच बारवा होत्या, असे लोक सांगतात. आकड्याचा आग्रह धरला नाही तरी गल्लीबोळांतून फिरताना घरांच्या भिंतींशेजारी दिसणारे कोरीव दगड पाहून या बोलण्यामागचे वैभव ध्यानात येते.

या वाटेवर अडचण आहे ती वाहनाची. जिंतूरला रेल्वे नाही. पुण्या-मुंबईहून येणारी कुटुंबे परभणीला किंवा सेलूला उतरतात. एस.टी.ची सोय आहे. परंतु वृद्ध आई-वडील, लहान मुले, पाण्याची भांडी, पूजेची वस्त्रे आणि डबे घेऊन दोन-तीन ठिकाणे एका दिवसात पाहायची, तर चालकासह गाडी भाड्याने घेण्याला पर्याय उरत नाही. दुकानातला माल घेताना दहा पेढ्या फिरणारा व्यापारी गाडी ठरवताना मात्र बहुधा एकाच फोनवर विश्वास ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो : किलोमीटरला काय भाव? वास्तविक या सौद्यात पैशांपेक्षा मोठ्या गोष्टी पणाला लागलेल्या असतात. एक, घरातल्या सर्वांचे प्राण. आणि दुसरी, ज्याच्या हाती ते सोपवले त्या माणसाशी आपण कसे वागलो, ही.

प्रथम भावाचा हिशेब पाहू. दिवसाच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी किमान किलोमीटर ठरलेले असतात. ते अडीचशे किंवा तीनशे असतात. तेवढे अंतर झाले नाही तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात आणि जास्त झाले तर वरच्या प्रत्येक किलोमीटरचे वेगळे. समजा, तीनशेचा ठराव आहे आणि प्रवास तीनशे चाळीसचा झाला, तर चाळीस किलोमीटरांचे जादा भाडे लागेल. त्यातही मोजणी कोठून सुरू होते, हे विचारणे अगत्याचे आहे. अनेक गाडीमालक आपल्या दारापासून दारापर्यंत अंतर धरतात. छत्रपती संभाजीनगरची गाडी परभणीला बोलावली, तर नुसते येण्याचेच पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर मीटरवर पडतात आणि दर्शन सुरू होण्याआधीच दिवसाचा ठराव संपत येतो. म्हणून गाडी परभणी, सेलू किंवा जिंतूरची, म्हणजे जवळची घ्यावी. तिचा चालक वाटेतले खड्डे, फाटे आणि पेट्रोलपंप जाणतो; हा लाभ हिशेबाच्या वहीत दिसत नसला तरी मोठा असतो.

टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि रात्रीचा आकार भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हे आधीच ठरवून ते चार ओळींत लिहून मालकाला मोबाइलवर पाठवावे. तोंडी सौदा पाळणारी आपली परंपरा असली, तरी लिहिलेल्या शब्दाने दोन्ही बाजूंचे मन निर्मळ राहते आणि संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत घासाघीस करण्याची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ओळखीच्या माणसाची घरची गाडी स्वस्तात मिळते, हा मोह अनेकांना पडतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे प्रवासी भाड्याचा परवाना असलेली गाडी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार भाड्याने प्रवासी नेण्यासाठी परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना वाहतुकीचा दंड दहा हजार रुपये आहे. दंड एक वेळ भरता येईल, विम्याचे काय? खाजगी गाडीची विमा पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू होत नाही. अपघात झालाच, तर भरपाईसाठी कुटुंबाला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागू शकतात आणि तो गाडीवालाही कर्जबाजारी होऊ शकतो. हजार-दीड हजार वाचवण्यासाठी दोन घरे धोक्यात घालणे हा कोणत्याही व्यापाऱ्याच्या दृष्टीने तोट्याचाच सौदा होय. गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी मागून घ्यावा; विमा आणि योग्यता प्रमाणपत्र चालू आहे की नाही, हे एमपरिवहन ॲपवर दोन मिनिटांत समजते. मागच्या आसनांवरही पट्टे बांधणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ते बैठकीखाली दडपलेले नाहीत ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

आता वेळेचा हिशेब. येथेच जैन कुटुंबांचा प्रवास इतरांहून वेगळा ठरतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घराला सूर्यास्ताची मर्यादा असते. डिसेंबरात परभणी भागात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सकाळी दर्शनापूर्वी अन्न नाही आणि संध्याकाळी सूर्यास्तानंतर नाही, असा ज्यांचा नियम, त्यांच्या हातात हिवाळ्यात जेमतेम अकरा तासांचा दिवस येतो.

परभणीहून सकाळी साडेसहाला निघाले, तर जिंतूर व नेमगिरी गाठून शांतपणे दर्शन, अभिषेक व अल्पोपाहार होईपर्यंत दहा-साडेदहा वाजतात. तेथून चारठाणा गाठावे. गाडी गावाबाहेर मोकळ्या जागी उभी करून गल्ल्यांतून पायी फिरावे. स्तंभ, मंदिरे आणि बारव पाहायला दीड-दोन तास पुरतात. बारवेच्या पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून मुलांचा हात सोडू नये. दुपारचे जेवण आटोपून परतले, तर चार-साडेचारपर्यंत परभणीला पोहोचून सूर्यास्तापूर्वीचे भोजन निवांत होते.

परंतु बहुतेकांचे बेत येथे थांबत नाहीत. नकाशात लोणार जवळ दिसते. पाषाणात उल्काघाताने झालेले ते विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आलेले. ते पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. मंठ्यामार्गे तेथे जाऊन परभणीला परत येण्याचा एकूण प्रवास अडीचशे किलोमीटरांच्या पुढे जातो. चारठाण्याहून दुपारी निघून लोणारला पोहोचेपर्यंत साडेतीन-चार होतात. तळ्याकाठी तासभर गेला की सूर्य कलतो. मग गाडीत वाक्ये ऐकू येतात : “दादा, जरा लवकर घ्या, आईंचा चौविहार आहे.” “दिवस मावळायच्या आत जिंतूर गाठता येईल ना?” ही वाक्ये सौम्य असतात, मागची भावना धार्मिक असते, परंतु त्यांचा परिणाम चालकाच्या उजव्या पायावर होतो. ऊसगाळपाच्या हंगामात याच वेळी मागे दिवा नसलेल्या ऊसाच्या ट्रॉल्या आणि कापसाने फुगलेल्या गाड्या रस्त्यावर असतात. जीवदयेसाठी घेतलेल्या व्रताची वेळ साधण्याकरिता रस्त्यावरचे जीव धोक्यात आले, तर ते व्रत कोणत्या अर्थाने पाळले गेले?

श्रावकाच्या व्रतांमध्ये यावर उत्तर आहे. दिग्व्रतात मनुष्य आपल्या संचाराच्या दिशांना मर्यादा घालतो आणि देशव्रतात ती ठरावीक काळापुरती अधिक आखडून घेतो. या दिग्व्रताच्या अतिचारांत ‘क्षेत्रवृद्धी’ हा एक सांगितला आहे. म्हणजे ठरवलेले क्षेत्र मोहाने वाढवणे. “इतके आलोच आहोत, तर तेवढेही पाहून घेऊ” हे आजच्या यात्रेतले क्षेत्रवृद्धीचे बोलके रूप आहे. एखाद्या बेटावर दिवसाची गाडी केली, तर चोहीकडचा समुद्रच प्रवाशाला आवर घालतो. मराठवाड्याच्या मोकळ्या माळावर हा आवर ज्याचा त्यानेच घालायचा असतो. लोणार पाहायचेच असेल तर त्याला दुसरा दिवस द्यावा किंवा जिंतूर परिसरात मुक्काम करावा. क्षेत्राच्या कार्यालयात आधी फोन करून निवासाची सोय विचारावी आणि त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारावा : चालकाला झोपायला जागा मिळेल का?

हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. यात्रिक धर्मशाळेच्या खोलीत झोपतात आणि चालक गाडीची मागची बैठक पाडून डासांत रात्र काढतो. सकाळी सहाला स्टेशनवर हजर असलेला चालक चारला उठलेला असतो. त्याच्या आदल्या रात्री तो कोणाचे लग्नाचे वऱ्हाड सोडून आला होता, हे मालक सांगत नाही आणि आपण विचारत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असे माप घालून दिले होते. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा चालक त्या छत्राखाली आलाच नाही. त्याचे तास मोजणारा प्रत्यक्षात एकच असतो, तो म्हणजे गाडी ठरवणारा गृहस्थ. म्हणून मालकाला सरळ विचारावे, “चालक आदल्या रात्री घरी झोपणार आहे ना? नसेल तर दुसरा द्या.”

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध आणि छेद यांच्यासोबत अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हे दोन सांगितले आहेत. शक्तीबाहेर भार लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न मिळू देणे, ही हिंसाच होय. बैलगाडीच्या काळात त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. मुक्कामावर पोहोचले की आधी बैल सोडून त्यांना पाणी दाखवायचे, मग माणसांनी हातपाय धुवायचे, ही घराघरांतली रीत होती. बैल गेले, गाडीला इंजिन आले आणि तो भार कोण वाहतो, याचा विसर पडला. चालकासह सात आसनांच्या गाडीत मांडीवर मुले घेऊन नऊजण बसतात, तेव्हा ते अतिभारारोपणच असते. घरातली मंडळी डबे उघडून बसतात आणि चालक दूर झाडाखाली मोबाइल चाळत राहतो, तेव्हा तो अन्नपाननिरोधच असतो.

उपाय साधे आहेत. निघतानाच विचारावे : “दादा, तुमच्या जेवणाची वेळ कोणती? आमच्याबरोबर घ्याल की बाहेर घ्यायला आवडेल?” भोजनशाळेत जेवायचे असेल, तर पानांची संख्या सांगताना त्याचेही पान धरावे. कांदा-लसणाशिवायचे जेवण त्याला रुचत नसेल, तर जेवणाचे पैसे हातात द्यावेत. आग्रह करू नये. त्याचा सोमवारचा उपवास असेल किंवा रोजाचा महिना असेल, तर आपल्या नियमांचा मान राखला जावा असे वाटणाऱ्याने त्याच्याही नियमाचा मान राखावा. दुपारी अर्धा तास त्याला डोळे मिटू द्यावेत. त्या वेळात सामायिक करता येते. यात्रेचे काही बिघडत नाही.

शेवटी पैशांविषयी. गाडीचे भाडे मालकाला जाते; चालकाच्या हाती बहुधा रोजचा पगार किंवा भत्ता तेवढा पडतो. म्हणून भत्ता भाड्यात मिसळू नये, चालकाच्या हातात द्यावा. डिझेलसाठी काही रक्कम आगाऊ लागते, ती ठरल्याप्रमाणे द्यावी. टोलच्या पावत्या पाहाव्यात, परंतु दहा-वीस रुपयांसाठी संशयाने बोलू नये. मीटरचे आकडे निघताना व परतताना चालकासमक्ष लिहून घ्यावेत. बाकी रक्कम त्याच दिवशी चुकती करावी. कष्टकऱ्याची मजुरी उद्यावर ढकलू नये, हे दुकान सांभाळणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आपत्काळासाठी ११२ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, हे दोन्ही घरातल्या मुलांनाही पाठ असावेत. नियमांची अडचण असलेल्या ज्येष्ठांसाठी सूर्यास्तापूर्वीचा डबा नेहमी गाडीत असावा. म्हणजे उशीर झालाच, तर एखाद्या मंदिराच्या ओट्यावर थांबून, सावकाश जेवून, मग पुढे निघता येते. डबा सोबत असला की चालकाला “लवकर घ्या” असे म्हणण्याची वेळच येत नाही.

नेमगिरीच्या गुहा आणि चारठाण्याचा स्तंभ शतकानुशतके आपल्या जागी उभे आहेत. एका दिवसात सगळे पाहिले नाही तरी ते कोठे जाणार नाहीत. एक ठिकाण कमी पाहून सगळेजण सुखरूप घरी आले आणि चालकही वेळेत आपल्या मुलाबाळांत पोहोचला, तर त्या दिवसाच्या जमाखर्चात शिल्लकच राहते.